तळाला काय अंथरायचं

अमशीरचा, म्हणजे सरत्या हिवाळ्याच्या महिन्याचा, वारा सुटला की गावात दोनच गोष्टी उडतात, असं रतीबाचा नवरा बयूमी म्हणायचा: दोरीवरची धुणी आणि बायकांची डोकी. यंदा त्याच्या घरात तिसरी गोष्टही उडत होती, कबुतरखान्यात अंथरलेलं भाताचं तूस.

रतीबा पहाटेच्या नमाजानंतर माळवदावर चढली तेव्हा तुसाचा ढीग एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. कबुतरांनी पंख फडफडवून फडफडवून त्याला तिथं लोटलं होतं. बाकीची जमीन उघडी. तिनं चप्पल काढून पाऊल टेकवलं आणि लगेच उचललं. ओलं. पाण्यानं भरलेलं फडकं कुणीतरी फिरवून गेल्यासारखं ओलं, चिकट, हिरवट. काल संध्याकाळी हेच तूस तिनं हातावर घेऊन फुंकलं होतं, तेव्हा ते तोंडावर उडालं होतं. एका रात्रीत पाणी आलं कुठून? पाऊस नाही. छपराला भोक नाही. तिनं मान वर करून ताडाच्या पानांचं छप्पर फांदी न् फांदी तपासलं. मग भिंतीत बसवलेल्या मडक्यांतून हात घालत गेली. सातव्या मडक्यात हाताला गार लागलं.

आणखी एक पिल्लू. चोच उघडी, पोटाची पिशवी लिबलिबीत, मागचं सगळं अंग शिटेनं माखलेलं.

तिनं ते झग्याच्या खिशात टाकलं. खाली कुणाला दाखवायचं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच.

गोष्ट अशी होती की पिल्लांवाचून शुरूकचं लग्न अडत नव्हतं, पण रतीबाची मान अडत होती. लेकीचा फातिहा वाचला त्या दिवशी, म्हणजे लग्न ठरलं त्या दिवशी, नवऱ्या मुलाची आई हाज्जा दौलत सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाली होती, की आजकाल लग्नाच्या रात्रीचं भरलेल्या कबुतरांचं ताट लोक शहरातून मागवतात. कबुतरं बर्फातली असतात. चव म्हणजे चिंधी चघळावी. आणि रतीबाच्या तोंडून निघून गेलं, की माझ्या लेकीच्या ताटात बारा पिल्लं असतील, बाराच्या बारा माझ्या माळवदावरची, एक जरी बाहेरचं निघालं तर माझं नाव बदला. खोलीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. हाज्जानं मान डोलावली आणि ते वाक्य आपल्या पिशवीत घालून घरी नेलं, हे रतीबाला त्याच क्षणी कळलं होतं.

तेव्हा तिला घाबरायचं कारणही नव्हतं. मडक्यांत अठरा पिल्लं होती, नुकती डोळे उघडलेली. चार आठवड्यांत मऊ, गुबगुबीत होतील आणि नेमकी लग्नाच्या गुरुवारी कापायला येतील, असा हिशेब बसला होता. त्याहून उशिरा जन्मलेलं पिल्लू ताटात हाडांचा खुळखुळा दिसतं, आणि त्याहून जुनं झालं की कातडं.

आता चौदा उरली होती. आणि लग्नाला अठरा दिवस होते.

हे सगळं कुठून सुरू झालं ते रतीबाला पक्कं ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी तिची थोरली जाऊ अतियात चाळणी मागायला आली होती. गल्लीच्या पलीकडच्या घरात ती एकटी राही. थोरले दीर जाऊन सात वर्षं झाली होती. अतियातचे डोळे घारे. गावात अशा डोळ्यांबद्दल काय बोलतात ते गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत. तर ती चाळणी घेऊन दारात थांबली, मान वर केली, पिल्लांची चिवचिव ऐकली आणि म्हणाली, "काय आवाज आहे गं. खाली उभं राहिलं तरी कान भरतात." बस. पुढे नजर लागू नये म्हणून म्हणतात ते 'माशाल्ला' नाही, देवाचं नाव नाही, काही नाही. चाळणी काखेत मारून चालती झाली.

त्याच रात्री वाऱ्यानं दार आपटलं आणि पहिलं पिल्लू मडक्यातून खाली पडून मेलं.

वारा, असं बयूमी म्हणाला. वारा दहा वर्षं येतोय, असं रतीबा मनात म्हणाली.

आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी ती मनातसुद्धा मोठ्यानं म्हणत नसे. मागच्या उन्हाळ्यात अतियातच्या कबुतरखान्यात रानमांजर शिरलं होतं. तिची घाबरलेली तीन जोड्या पाखरं उडाली ती रतीबाच्या माळवदावर येऊन बसली. पांढऱ्या मानेची, भरदार छातीची, अतियातच्या बापाच्या वेळची जात. अतियात दुसऱ्या दिवशी आली, खाली उभी राहून वर बघत राहिली. रतीबा तिला चहा देत म्हणाली होती, "पाखरू ज्याच्या छपरावर उतरलं त्याचं, नाही का जाऊबाई? आपल्या गावची रीतच आहे." अतियातनं चहा प्यायला. साखर जास्त झाली, एवढंच म्हणाली.

तेव्हापासून रतीबा तिच्या डोळ्यांकडे बघायची टाळत होती. आणि जिच्याकडे बघवत नाही, ती आपल्याकडे कशी बघत असेल याचा विचार मात्र चोवीस तास चालायचा.

तिनं ओलं तूस खरवडून टोपलीत भरलं. मग दुसऱ्या खिशातली पुरचुंडी सोडली. खडेमीठ होतं, मूठभर. चारही कोपऱ्यांत, उंबऱ्यावर आणि मडक्यांखाली ते भिरकावत ती पुटपुटली, "बघणाऱ्याच्या डोळ्यात जावो." अतियात येऊन गेल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. सकाळच्या उजेडात खडे चमकले, आणि पाखरं भराभर खाली उतरून तळ टिपायला लागली.

भूक तरी चांगली आहे, असं तिला वाटलं.

*

तूस गिरणीवाल्यानंच खराब दिलं असणार, हे तिनं जिना उतरतानाच ठरवलं.

गिरणीवर तिला पाऊण तास उभं राहावं लागलं. पोत्यांवर बसलेले पुरुष तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. गिरणीवाला म्हणाला, की तूस ते तूस, त्यात जुनं-नवं काय असतं? रतीबा म्हणाली, की मागच्या वर्षीचं भिजलेलं माझ्या गळ्यात मारलंस. त्यावर तो पोत्यांवरच्या मंडळींकडे वळून म्हणाला, की आता बाई तुसाला पण विचारतात तुझी आई कोण, बाप कोण. सगळे हसले. रतीबाचे कान तापले. तिनं रिकामी गोणी झटकली ती अशी, की पहिल्या तिघांचे डोळे तुसानं भरले, आणि ताठ चालत निघाली.

तिथून ती लबीब सुताराकडे गेली. लबीबच्या दुकानात गुडघाभर लाकडाचा भुसा होता. ती खाली बसली, भुसा मुठीत दाबला, नाकाशी नेला. रंग लावलेल्या लाकडाचा तर नाही? औषध मारलेल्या फळ्यांचा? जुन्या, किडक्या? लबीब कानावरची पेन्सिल काढून शांतपणे म्हणाला, की बाई, हा तुमच्या शुरूकच्याच पलंगाचा भुसा आहे. भुशात विष निघालं तर पलंगावर झोपणाऱ्यांचंही अवघड आहे.

शुरूक सोबत होती. ती ओढणीत तोंड घालून खिदळली आणि आईचा कोपर बरगडीत खाऊन गप्प झाली.

दोघींनी दोन गोण्या डोक्यावरून आणल्या. वाऱ्यानं भुसा उडून भुवयांत, दातांत, मानेवरच्या घामात बसला. पंज्यानं, फळकुटानं, मग नुसत्या हातानं त्यांनी तळ लख्ख खरवडला. रतीबाच्या नखांत हिरवं गेलं, कंबर धरली. पिवळाधमक भुसा चार बोटं पसरला तेव्हा कबुतरखाना शाळेच्या नव्या वर्गासारखा दिसायला लागला. शुरूक पाणी भरायला खाली उतरली तशी रतीबानं पुरचुंडी काढली.

पाखरं परत झेपावली. टक टक टक टक. पार चोच खुपसून.

"बघ," शुरूक घडा घेऊन वर आल्यावर रतीबा म्हणाली, "पसंत पडलं त्यांना."

"आई, पाणी परत संपलंय. सकाळी दोन्ही परळ काठोकाठ भरलेले मी."

"भरलेलेस, की भरले म्हणतेस?"

शुरूकनं घडा खाली ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले. लग्न ठरल्यापासून तिला हे हात कमरेवर ठेवणं फार छान जमायला लागलं होतं. ती म्हणाली, की तुझा माझ्यावर पण विश्वास नसेल तर तूच वाहा घडा. रतीबानं घडा उचलून दोन्ही परळ भरले. पण डोक्यात दुसरं चाक फिरायला लागलं. पाणी जातं कुठं? कोण चढतं वर आपण नसताना?

तिसऱ्या दिवशी भुशाची लापशी झाली होती. पाय टाकला की बोटांमधून वर यायची. पाखरांच्या पायांना गोळे चिकटले होते, मडक्यांच्या तोंडाशी हिरवे ओघळ. तीन पिल्लं गेली.

अकरा. ताट बाराचं होतं. म्हणजे एक आत्ताच कमी पडत होतं.

*

त्या दिवसापासून रतीबा घरातल्यांवरही पाळत ठेवू लागली. बयूमी शेतावरून आला की त्याच्या चपलांना शीट लागलीय का बघायची. तो सहज वर गेला तर मागोमाग जायची. एकदा तिनं विचारलंच, की पिल्लं मरतायत की बाजारात जातायत? बयूमी जेवत होता. त्यानं तोंडातला घास संपवला, भाकरीचा तुकडा परत टोपलीत ठेवला आणि हात धुऊन उठला. दोन दिवस तो म्हशीशी जास्त बोलला.

तरी तिसऱ्या दिवशी त्यानंच गव्हाचं भुसकट आणून दिलं. म्हशीच्या वैरणीतलंच होतं ते, आणि उरलेली वैरण पुरवायला त्याला चुलतभावापुढे हात पसरावा लागला. चुलतभावानं दिली, पण देताना चार लोकांत विचारलं, की म्हशीला उपाशी ठेवून कबुतरांना गादी करतात असं ऐकलं ते खरं का? बयूमी घरी येऊन हे सांगताना हसला. हसताना त्याच्या मिशा थरथरल्या. पंचावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात कुणाकडे काडी मागितली नव्हती.

रतीबानं भुसकट उन्हात घातलं, चाळलं, धूळ काढली, परत उन्हात घातलं. सूर्यफुलाच्या बियांसारखं निवडलं म्हणा ना. मग अंथरलं. आणि आता मुठीच्या दोन मुठी केल्या, कारण नजर जबर असली पाहिजे. एवढं करूनही हटत नाही म्हणजे साधी नजर नव्हेच. कुणीतरी काहीतरी पुरलंय तळात. चिठ्ठी, केस, हाड. भुसकट पसरण्याआधी तिनं खुरप्यानं जमीन उकरूनही पाहिली. एक जुनी बांगडीची काच सापडली. तीन दिवस ती काच तिनं फडक्यात बांधून जपली, शेवटी शुरूकनं सांगितलं की ती तिच्याच लहानपणची.

भुसकट दुसऱ्याच दिवशी बुरसलं. सहा पिल्लं एका आठवड्यात गेली.

पाच.

आरशात बघायची सवय रतीबाला नव्हती. पण पाण्याच्या परळात तिला स्वतःचा चेहरा दिसला, तोही तळाच्या बोटभर पाण्यात. नाक लांबलेलं, डोळे आत. पाखरं तिच्या हाताखालून मुंड्या घालून ते बोटभर पाणीही ओढून घेत होती.

*

लग्नाआधीच्या रविवारी ती कालव्यावर भांडी घासायला गेली होती. वाळूनं घासली तर तांबं उजळतं, म्हणून ती नेहमीच्या घाटाच्या पुढे गेली आणि लवकर परतलीही, कारण वारा भांडी पळवत होता. दारात तिला चपला दिसल्या. काळ्या रबराच्या, डाव्या चपलेला तारेचा टाका.

अतियातच्या.

रतीबानं भांड्यांची टोपली तशीच जमिनीवर सोडली. तांब्याचा आवाज गल्लीभर झाला असेल, तिला ऐकू आला नाही. जिन्याच्या पायऱ्या ती लेकीच्या वयाची असताना चढायची तशी चढली.

कबुतरखान्याचं दार उघडं होतं. शुरूक दाराशी उभी, आईला बघून तिचा रंग उडाला. आणि आत, मधोमध, अतियात दोन पायांवर बसलेली. तिनं भुसकट बाजूला सारलं होतं. एका हाताची बोटं तळाच्या मातीत होती. रतीबा बघत असतानाच तिनं ती बोटं वर आणली, तोंडाजवळ नेली आणि चाटली.

रतीबानं झडप घालून तिचं मनगट धरलं. म्हातारीचं मनगट काटकीसारखं होतं, पण मूठ घट्ट.

"उघडा मूठ."

"उघडते ना. सोड तरी."

"काय पुरत होतात? उघडा. माझ्या लेकीच्या लग्नात काय पुरायला आलात?"

शुरूक मधे पडली, की आई, मीच बोलावलंय काकूला, मीच. रतीबाला ऐकू आलं, पण आत पोचलं नाही. तिनं एकेक बोट उचकटलं, करंगळीपासून. अतियातनं विरोध केला नाही. तिचे घारे डोळे रतीबाच्या चेहऱ्यावर होते, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा रतीबा त्यांत बघत होती.

मुठीत मिठाचे चार खडे होते. एक अर्धवट विरघळलेला, त्याच्या भोवती तळहात ओला.

"हे कुणी टाकलं?" अतियातनं विचारलं.

दाराबाहेर वाऱ्यानं एक पत्रा कुठेतरी आपटत होता. एक मादी खाली उतरली, रतीबाच्या पावलाशी येऊन तळ टोचू लागली. टक टक टक. रतीबा तिच्याकडे बघत राहिली.

"मांजरानं टाकलं म्हणू शकतेस," अतियात म्हणाली. "मी मान्य करीन."

"मी टाकलं."

"किती?"

"मूठ... सकाळ-संध्याकाळ. नंतर दोन-दोन."

अतियातनं एक मोठा श्वास सोडला. तिथंच मांडी घालून बसली, त्या ओल्या घाणीत, नव्या काळ्या झग्याची पर्वा न करता. मग ती लहान पोरीला समजवावं तशी बोलायला लागली. तिचा बाप सांगायचा, की कबुतराला मीठ म्हणजे लेकराला गुळाचा खडा, दिसला की सोडणार नाही. खातं, मग तहान लागते, मग परळच्या परळ पितं, मग पाण्यासारखं हगतं. रोज दोन मुठी, मग चार. पिल्लाच्या घशात तेच ओकतं. पिल्लाला पाणी कोण देणार? आणि जे मीठ खायचं राहतं ते जमिनीत बसून रात्रीची हवा पितं. तूस आण, भुसा आण, रेशमी गादी आण, तळ ओला तो ओलाच.

रतीबाला एकेक आठवत गेलं. कोरडे परळ. चोची खुपसून टिपणारी पाखरं. 'पसंत पडलं त्यांना.' गिरणीवरची हसणारी तोंडं. बयूमीनं टोपलीत परत ठेवलेला भाकरीचा तुकडा. तीही खाली बसली.

अतियातनं तळहातावरचे खडे निरखून बघितले.

"माझ्या डोळ्यांसाठी होतं का हे?"

रतीबा तळातले उरलेले खडे वेचायला लागली.

"मला वाटलंच," अतियात म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "त्या दिवशी चाळणी घेऊन दारात उभी होते ना, तेव्हा तुझ्या पिल्लांत माझ्या पांढऱ्या मानेच्यांचा आवाज ओळखायचा प्रयत्न करत होते. देवाचं नाव घ्यायचं राहून गेलं. म्हातारपण."

शुरूकनं नाक ओढलं. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

*

त्या दुपारी तिघींनी तळ खणून काढला. वीतभर माती, खारट, काळी. टोपल्या भरून त्यांनी ती गल्लीच्या टोकाला टाकली. बयूमी आला, बघितलं आणि कुदळ घेऊन तोही खणायला लागला. घडीभरानं त्यानं रतीबाच्या हातातली टोपली घेतली. आठवड्याभरातला तो त्यांचा पहिला संवाद.

अतियातच्या घरामागे वाळूचा ढीग होता, थोरल्या दिरांनी खोली वाढवायला आणलेली. खोली राहिली, वाळू राहिली. तीच तिनं चाळून दिली. रतीबाच्या मनात आलंच, की एवढं का करतेय ही? तिनं वाळू मुठीत घेऊन जिभेच्या टोकाला लावली. अतियातनं पाहिलं.

"चाख, चाख," ती म्हणाली. "आता तू चाखल्याशिवाय पाणी पण पिऊ नकोस."

बोटभर वाळू पसरली, बस्स. वर काही नाही. अतियातचं म्हणणं होतं, की तळ कोरडा असला की कबुतर स्वतःची सतरंजी स्वतः विणतं. कोरडी शीट वाळूवर पडू दे, हलवू नकोस, उन्हाळ्यात कलिंगडवाले ती खताला मागायला दारात येतील. पाण्याचे चार परळ ठेव. आणि हात रिकामे घेऊन वर चढ.

सकाळी रतीबानं अनवाणी पाऊल टाकलं. तळपायाला वाळू गार लागली, आणि कोरडी. पाखरं वर बसली होती, आपापल्या मडक्यांत. तळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पाचही पिल्लं जगली. पण पाच म्हणजे बारा नव्हेत.

बुधवारी अतियात ताडाच्या काड्यांचा पिंजरा डोक्यावर घेऊन आली. आत सात पिल्लं, गुबगुबीत, नेमक्या वयाची. रतीबा दारातच उभी राहिली. तिच्या तोंडून आधी निघालं ते हे, की पांढऱ्या मानेच्या तिन्ही जोड्या मी आजच परत आणून देते, जाऊबाई, आत्ता देते.

"कशाला?" अतियात पिंजरा उतरवत म्हणाली. "पाखरू ज्याच्या छपरावर उतरलं त्याचं. गावची रीत आहे ना? आता ही सात तुझ्या माळवदावर नेऊन सोड घटकाभर. मग तुझीच. हाज्जा दौलतनं विचारलं तर शपथेवर सांग."

रतीबाला हसू आलं नाही. कानशिलं तापली, गिरणीवर तापली होती त्याहून जास्त. तरी ती पिंजरा घेऊन वर गेली. आणि वर गेल्यावर, कुणी बघत नाही हे पाहून, तिनं एकेक पिल्लू उचललं, पंखाखाली बघितलं, चोच उघडून घसा बघितला, पोटावर बोट फिरवलं. सातही निरोगी होती. तिला त्याचा थोडा रागच आला.

*

गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर हिरव्या गव्हाचा भरडा शिजत होता, कांदा-मिऱ्यांचा वास थेट गल्लीत गेला होता. बारा पिल्लं साफ करून परातीत ओळीनं निजवली होती. बाहेर हाज्जा दौलतची बहीण येऊन बसली होती, 'सहजच'. दर थोड्या वेळानं ती मान लांब करून परातीकडे बघे आणि बोटांवर मोजे.

शुरूक आत आली. पांढरा झगा, हातांवर कोपरापर्यंत मेंदी, डोळ्यांत काजळ जरा जास्तच झालेलं. बायका बोलायच्या थांबल्या. अतियात चुलीपाशी पिल्लं भरायला बसली होती. तिनं मान वर केली, घाऱ्या डोळ्यांनी पोरीला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, सावकाश.

"काय दिसतेस गं पोरी," ती म्हणाली.

आणि थांबली.

रतीबा पुढचा शब्द यायची वाट बघत होती. सगळ्या बायका बघत होत्या. चूल तडतडली. शब्द आला नाही. म्हातारपण असेल. नसेलही. रतीबाचा उजवा हात आपोआप उठला, फळीवरच्या बरणीत गेला, आणि खडेमीठ मुठीत धरूनच बाहेर आला. आता काय? मूठ हवेत. शुरूकच्या डोक्यावरून फिरवायची, की उंबऱ्यावर टाकायची? हाज्जाच्या बहिणीनं मान लांब केली होती. अतियात मुठीकडे बघत होती. तिच्या हातात अर्धवट भरलेलं पिल्लू होतं, आणि बोटं हलायची थांबली होती.

रतीबा चुलीपाशी गेली. मुठीतलं निम्मं मीठ तिनं परत बरणीत झटकलं. उरलेलं भरड्याच्या पातेल्यात टाकलं, उलथन्यानं तळापासून ढवळलं, चमचाभर काढून फुंकर मारली आणि अतियातपुढे धरलं.

"बघा बरं जाऊबाई. पुरे झालं का?"

अतियातनं तोंड पुढे केलं. डोळे मिटून बराच वेळ चघळलं.

"अजून एक चिमूट," ती म्हणाली.

रतीबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आधी तिनं स्वतः चमचा चाटला. मग चिमूट टाकली.